पावण्याची झोप

धोंडुबाई : आणि अंगाई कुठली म्हणायची त्येला? ते बी सांगून जा.

ऋतुराज : आज्जी, चेष्टा नको. उद्या दिवसभर आणि परवा सकाळपर्यंत कोको तुझ्या ताब्यात हाय. नीट ऐक की.

धोंडुबाई : कोको म्हणं! सरडा हाय का कोंबडी?

ऋतुराज : शॅमेलिऑन हाय. अजून पिल्लूच हाय.

धोंडुबाई : ह्ये पिल्लू? डोक्यावर एवढा थोरला फेटा, एक डोळा माझ्याकडं, एक भिंतीकडं. आमची शेजारची तानाबाई लग्नात बसती तसा. एका डोळ्यानं पंगत कवा बसती ते बघायचं, दुसऱ्यानं लोकाच्या सुनेच्या गळ्यातलं. आणि आणलास कुठनं? रानातनं धरलास तर पोलीस येत्यात म्हणं.

ऋतुराज : रानातला न्हाय. रानातला धरणं गुन्हाच हाय. ह्यो परदेशी, रीतसर परवानगीनं आणलेला.

धोंडुबाई : म्हंजे पावणं. मग बोला पावणं, सकाळी काय घेणार? चहा का दूध?

ऋतुराज : आज्जी! उजाडलं की ह्यो काळा पडदा काढायचा. दोन्ही दिवे लावायचे. एक उबेचा, एक उन्हासारखा. लगेच हात लावायचा न्हाय. त्या वरच्या काडीवर तो अंग शेकत बसतो. अंग तापल्याशिवाय त्याला भूकच लागत न्हाय.

धोंडुबाई : थंडीत गार पाण्यानं भांडी घासून माझी बोटं वाकडी झाली. मला कुणी म्हणलं न्हाय, आधी शेकून घे.

ऋतुराज : मग पाण्याचा फवारा मारायचा, पानांवर. वाटीतलं पाणी पीत न्हाय तो. पानावरचा थेंब लागतो.

धोंडुबाई : पावणं न्हाय, जावई हाय.

ऋतुराज : मग रातकिडे. ह्या डब्यात हाईत. ही पांढरी पावडर लावून चिमट्यानं धरायचं—

धोंडुबाई : किड्याला पावडर? तुझ्या लग्नात तुला एवढी लावली नव्हती.

ऋतुराज : कॅल्शियम हाय ते. आणि सारखं जाऊन बघायचं न्हाय. कुणी टक लावून बघितलं की तो काळपट पडतो. दिवस मावळला की दिवे बंद, पडदा, आणि उजाडेपर्यंत चिडीचूप. झोपला की रंग फिकट पडतो, शेपटी गुंडाळून घेतो. ते बघून मेला मेला करत उठवू नकोस. मागल्या खेपेला पुरायच्या तयारीनं हळद घेऊन आलतीस.

धोंडुबाई : पांढरा फटक पडलेला. मला काय ठावं, झोपताना रंग काढून ठेवतोय म्हणून? आमच्यात दात काढून ठेवत्यात.

ऋतुराज : तू तोंडावर बॅटरी मारलीस. त्यानं दोन दिवस काय खाल्लं न्हाय.

धोंडुबाई : बॅटरी मारली म्हणून उपास धरला? लई मानी दिसतोय.

ऋतुराज : मानी न्हाय गं. झोप मोडली की तसंच होतं. आधी जेवण सुटतं. मग रंग उतरतो. जवळ गेलं की अंगावर येतो. आणि जागं असायच्या वेळेला डोळे मिटून बसला, तर समजायचं, गाडी बिघडली. त्याचं सगळं झोपेवर चालतं.

धोंडुबाई : एवढा अभ्यास धाव्वीला केला असतास तर आज मोबाईलच्या काचा चिकटवत बसला नसतास. बरं, पावण्याचं झालं. आता माणसाचं बोल. उद्या हातकणंगल्याला जाऊन बायकोला म्हणणार काय?

ऋतुराज : काय म्हणणार? चल म्हणणार.

धोंडुबाई : पंचमीला माहेरी गेलेली सून. गणपती तोंडावर आलं. तिकडनं रोज रेल्वेनं येती, दवाखान्यात रातपाळी करती, परत रेल्वेनं तिकडं. आणि दवाखाना कुठं? आपल्या घरापास्नं हाकेवर! काल तानाबाई विचारती, "गौरी आणायला तेजस्वी हाय न्हवं?" मी म्हणलं, हाय की. हसून म्हणलं. तोंडात दात न्हाईत, तरी हसून म्हणलं.

ऋतुराज : माझं काय चुकलं ते तर कळू दे. मी दारू पीत न्हाय. हात उचलत न्हाय. तिच्या पगाराला शिवत न्हाय.

धोंडुबाई : थांब, हार आणती तुला. जाताना म्हणली काय ती?

ऋतुराज : काय न्हाय. म्हणली, झोपायला चालले.

धोंडुबाई : काय?

ऋतुराज : झोपायला. मी म्हणलं, जा बाई. राग उतरला की येशील.

धोंडुबाई : माहेरी कुणी झोपायला जातंय व्हय? मी गेलते ते बाळंतपणाला, आणि बा गेला तवा. दोन्ही खेपेला डोळ्याला डोळा न्हाय.

ऋतुराज : तेच म्हणालोय मी! नुसता तिरसटपणा हाय तिचा. बरं, आता हळू बोल. पडदा टाकतो. झोपालाय तो.

धोंडुबाई : माझ्या घरात मी कुजबुजू? चार म्हशींच्या शेणामुतात उभं राहून ह्यो बंगला बांधलाय मी!

ऋतुराज : आज्जी, श्शू.

(दुसऱ्या दिवशी, दुपार. वरच्या मजल्यावर ऋतुराज-तेजस्वीची खोली. धोंडुबाई पलंगावर आडवी, समोर पिंजरा.)

धोंडुबाई : बसा पावणं. मी बी जरा पडती. गुडघं म्हणालं, एवढ्या पायऱ्या चढलीस, आता लगेच उतरू नको. काय बघतोस? तुझं झालं न्हवं सगळं? शेकून झालं, किडं खाऊन झालं, थेंब पिऊन झालं. एक डोळा तरी मीट. न्हाय? बरं, मी मिटती. ... आगं आई, ह्यो दिवा हाय का सूर्य! डोळं मिटलं तरी आतनं तांबडं दिसालंय. ह्या कुशीवर वळली तर भिंत चकाकती. तोंडावर पदर घेतला तर जीव गुदमरतोय. आणि तू बघ कसा टवटवीत! तुझं काय जातंय म्हणा. तुझी रात झाली न्हवं काळ्या पडद्यात, आणि खाली आम्ही चोरासारखं पाय न वाजवता फिरालतो. ... थांब. थांब जरा. पावणं, रोज उजाडल्यावर ह्या पलंगावर कोण झोपत होतं रं? ... कुठं गेला त्यो फोन?

ऋतुराज : हॅलो, आज्जी? काय झालं? कोको बरा हाय न्हवं?

धोंडुबाई : हिरवागार हाय. तेजस्वी कशी हाय?

ऋतुराज : झोपलीय. सकाळी रेल्वेनं आली तेव्हापास्नं. दोनदा उठवायला गेलो, तर सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्यात. आत सोडत न्हाईत.

धोंडुबाई : शाणी बाई. आत उजेड हाय का अंधार?

ऋतुराज : अंधार. खिडकीला वाकळ लावलीय. का?

धोंडुबाई : तिचा रंग बघितलास?

ऋतुराज : रंग? कसला रंग?

धोंडुबाई : सरड्याचा रंग उतरलेला तुला पडद्याआडनं कळतोय. बायकोच्या डोळ्याखाली काळं पडलं ते कवा कळणार? जेवण तिचं सुटलं. खेकसाय ती लागली. भाकरी थापताना उभ्या उभ्या डोळं मिटायची. मी म्हणलं, माहेरचं वळण. मला अडाणीला कुणी सांगितलं न्हवतं, झोप मोडली की जीव कसा होतोय ते. तुला तर पाठ होतं सगळं. काल ह्याच खोलीत बोटांवर मोजून मला म्हणून दाखवलंस.

ऋतुराज : ते वेगळं, आज्जी...

धोंडुबाई : काय वेगळं? ती रातभर लोकांची दुखणी काढून येती, पलंगावर पडती, आणि तू तवाच पडदा काढून दोन दिवे लावतोस! ती कामाला गेली की खोलीत अंधार करतोस. खोली दोघांची, आणि दिवे त्या फेटेवाल्याच्या वेळेनं.

ऋतुराज : डोळ्यावर बांधायला पट्टी आणून दिलती की मी तिला. चांगली, मऊ.

धोंडुबाई : घाण्याचा बैल हाय व्हय ती?

ऋतुराज : दिवसा दिवे बंद ठेवले तर कोकोची हाडं वाकतात गं.

धोंडुबाई : मग दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

ऋतुराज : दुसरीकडं गडबड असते. तीच एक खोली शांत हाय.

धोंडुबाई : शांत हाय म्हणूनच ती झोपत होती न्हवं तिथं, दगडा!

तेजस्वी : कोण आहे फोनवर? द्या इकडं. आज्जी?

धोंडुबाई : उठलीस? ह्येच्या आवाजानं उठलीस न्हवं?

तेजस्वी : सवय आहे मला. कोको झोपला की हे जिन्यात चपला काढतात. मी झोपले की खालून ओरडतात, चार्जर कुठं आहे.

धोंडुबाई : मग मला का बोलली न्हाईस?

तेजस्वी : तुम्हाला? तुम्ही तानाबाईंना सांगत होता, आमची सून उन्हं डोक्यावर येईपर्यंत लोळते.

धोंडुबाई : म्हणली असंन. मी काय बी म्हणती. सगळं ऐकत बसलीस तर संसार कवा करणार?

तेजस्वी : मी संसार सोडलेला नाही. झोपायला आलेय. तसं सांगून आलेय.

धोंडुबाई : व्हय. सांगितलंस. इथं कुणाच्या कानात गेलं न्हाय. ... ऐक. त्यो काळा पडदा आता तुझ्या खिडकीला लावती. खालचा भाडेकरू गुंडू येतोय खिळं घेऊन.

तेजस्वी : आणि कोकोला? संध्याकाळी त्याला काय घालणार?

धोंडुबाई : माझी चंद्रकळा. पहिल्या म्हशीच्या दुधावर घेतलेली, काळीभोर. दुहेरी टाकली की उजेडाची काय टाप आत शिरायची. उद्या ह्यो आला की पिंजरा खाली, माझ्या खोलीत.

तेजस्वी : आज्जी, तुम्ही चारला उठता. ट्यूब लावता, घंटी वाजवता. त्याला उजाडेपर्यंत अंधार लागतो.

धोंडुबाई : ठावं हाय. काल सगळं ऐकलंय.

तेजस्वी : मग कसं जमणार तुम्हाला?

धोंडुबाई : म्हशी विकून किती वर्सं झाली. आता चारला उठून कुणाची धार काढती मी? ट्यूब लावती आणि भिंतीकडं बघत बसती. तेवढं अंधारात बी जमंल.

तेजस्वी : ... मी विचार करते.

धोंडुबाई : कर. पर पोटभर झोप झाल्यावर कर. आणि दे त्या सरडेवाल्याकडं. ऋत्या, आता तिला उठवलंस तर तुला पिंजऱ्यात घालीन आणि पावण्याला दुकानात बसवीन. जा, सासूबरोबर तांदूळ निवड.

\*

तेजस्वी : आज्जी? अंधारात का बसलाय? लाईट गेलीय?

धोंडुबाई : हळू. पावणं उठायचं हाईत अजून. आलीस व्हय ड्युटीवरनं?

तेजस्वी : आत्ताच. तुम्ही कधीपासून जाग्या?

धोंडुबाई : चारपास्नं. जन्माची सवय, आठ दिवसांत सुटती व्हय? हिकडं ये. चंद्रकळेच्या फटीतनं बघ. फांदीच्या टोकाला. शेपटीचं कडबोळं केलंय बघ कसं.

तेजस्वी : पांढरा पडलाय. हळद नाही ना आणली?

धोंडुबाई : रातभर जागून बी जीभ ताजी हाय तुझी. माझ्या घरात शोभतीस.

तेजस्वी : आणि देवाचा दिवा? घंटी?

धोंडुबाई : देवाला सांगितलंय, उजाडल्यावर बघू. मी चारला उठवत होती म्हणून त्यो बी उठत होता. त्येला बी बरं वाटालं असंल.

तेजस्वी : हे कुठं गेले?

धोंडुबाई : समोर धार काढून देत्यात त्या कट्ट्यावर, दूध आणायला. म्हशीवालीच्या घरात आता विकतचं दूध! गेला चपला हातात घेऊन. चार्जर बी खिशात घालून गेलाय.

तेजस्वी : चहा ठेवू तुम्हाला? मग बसून गौरीचं काय काय आणायचं ते बोलू.

धोंडुबाई : दुपारी बोलू. गौरी काय पळून जात न्हाईत. उजाडालंय बघ, मी ह्येच्यावरची चंद्रकळा काढती. तू जा वर, पोरी. तुझी रात झाली.