निहारच्या कौतुकाचं पत्र

आजच्या या छोटेखानी समारंभाच्या अध्यक्षा डॉ. मालिनीताई; व्यासपीठावर खुर्ची राखून ठेवलेली असतानाही खाली मुलांच्यात मांडी घालून बसलेले आपले सत्कारमूर्ती निहार; मराठी शाळेचे पालक; मागे चहाच्या थर्मासपाशी ताटकळणारी स्वयंसेवक मंडळी; आणि माझ्या बालमित्रांनो,

मी हेमचंद्र. गेली अकरा वर्षं मंडळाचा चिटणीस. मालिनीताईंनी मला आज दोन कामं सांगितली आहेत. निहार रविवारी शाळा सुटल्यावर आपल्या मुलांना नेमकं काय शिकवत होता, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना समजावून सांगायचं, आणि मग निहारला निरोप द्यायचा. पहिलं काम मला जमेल. दुसऱ्याचं बघू.

हिपहॉप हा एकच नाच, असा माझाही समज होता. तसं नाही. यात आपल्या गाण्यासारखी घराणी आहेत. पहिलं घराणं ब्रेकिंगचं. इथून, म्हणजे पिस्कॅटवेहून तासाभराच्या ड्राइव्हवर ब्रॉन्क्स आहे. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांनी सत्तरच्या दशकात हे सुरू केलं. गाणं थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला म्हणतात ब्रेक, आणि त्यावर नाचायचं ते ब्रेकिंग. आधी उभ्यानं पावलं टाकायची, मग हात जमिनीला टेकून पाय फिरवायचे, पाठीवर गिरक्या घ्यायच्या आणि शेवटी वेड्यावाकड्या अवस्थेत एकदम स्तब्ध व्हायचं. मी हे प्रथम पाहिलं तेव्हा सभेत म्हणालो होतो, "इतकी फी भरून मुलांना फरशी पुसायला पाठवायचं का?" काही जण हसले होते. निहारही हसला होता, हे मला जास्त लागलं.

दुसरी दोन घराणी कॅलिफोर्नियाकडची. पॉपिंगमध्ये स्नायू आवळून झटकन सोडतात, त्यामुळे अंगाला तालावर हिसके बसतात. लॉकिंगमध्ये भरधाव निघालेला हात मध्येच थबकतो, कुलूप लागल्यासारखा, आणि पुन्हा चालू लागतो. माझ्या बायकोनं, उल्कानं, हे स्वयंपाकघरात करून पाहिलं आणि चार दिवस तिची मान धरली. आणि सगळ्यांत नवं ते क्रंप. छाती पुढे फेकतात, पाय आपटतात, तोंडं वेडीवाकडी करतात. मला वाटलं, मारामारी जुंपली. मी सोडवायला धावलो, तर आमची नात अनुष्का म्हणाली, "आजोबा, ही इज नॉट अँग्री. ही इज जस्ट लेटिंग इट आउट." गेल्या दोन महिन्यांत मलाही क्रंप करावंसं अनेकदा वाटलं. वयामुळे जमत नाही.

या सगळ्या घराण्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे रिंगण. त्याला ते सायफर म्हणतात. सगळे गोल उभे राहतात. ज्याला वाटेल तो आत येतो, नाचतो आणि बाहेर पडतो. सूत्रसंचालक नाही, परिचय नाही, आभारप्रदर्शन नाही. मी निहारला विचारलं, "अरे, मग चांगलं नाचला त्याचं कौतुक कसं करता?" तो म्हणाला, "काका, तिथल्या तिथे ओरडून सांगतात. मग दुसरा आत येतो. संपलं."

संपलं? आपल्याकडे असं संपतं का हो? शाल नको? चार ओळींचं मानपत्र नको? कागदावर आल्याशिवाय कौतुक झालं असं माझ्या पिढीला वाटतच नाही. मी चाळीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये काढली. हाताखालच्या कुणी उत्तम काम केलं, की त्याच्या साहेबाला पत्र लिहायचं, हा माझा शिरस्ता होता. त्या पत्रांनी तिघांना बढती मिळाली. चौथ्या पत्राचं काय झालं, ते आता सांगतो. मालिनीताई, हे कार्यक्रमपत्रिकेत नाही, मला ठाऊक आहे. दोन मिनिटं द्या.

निहार निघाला आहे तो घरगुती कारणासाठी, असं तुम्हांला कळवण्यात आलं आहे. ते परिपत्रक मीच लिहिलं. ते खरं नाही.

निहार इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता. तीन वर्षं झाली होती, दीड वर्षाचं काम बाकी होतं. मार्चमध्ये मुलांनी जो कार्यक्रम केला, तो तुम्ही पाहिलात. जी अनुष्का माझ्याशी दाराआडून बोलायची, ती त्या दिवशी रिंगणात उतरली आणि नाचून झाल्यावर सरळ माझ्यापाशी येऊन बसली. मला फार आनंद झाला. घरी गेलो, मंडळाचं लेटरहेड काढलं आणि निहारच्या डीनना पत्र लिहिलं. आपला विद्यार्थी किती गुणी आहे, आमच्या मुलांसाठी किती राबतो, सगळं लिहिलं. नुसतं 'स्वयंसेवक' लिहिलं तर हलकं वाटेल, म्हणून लिहिलं की तो आमच्या संस्थेचा मानधन घेणारा शिक्षक आहे. त्याला न विचारता लिहिलं. सरप्राइज द्यायचं होतं ना.

स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलाला परवानगीशिवाय बाहेर पगारी काम करता येत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक आहे. मला नव्हतं. मी या देशात आलो तेव्हाचे कायदे वेगळे होते, आणि नंतर विचारायची गरज मला कधी पडली नाही.

पत्र डीनकडून परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेलं. निहारला बोलावणं आलं. तो म्हणाला, मी पगार घेत नाही. मग मी पुढे सरसावलो. दुसरं पत्र लिहिलं. की पगार नव्हे हो, गुरुपौर्णिमेला आणि दिवाळीला नारळासोबत एक पाकीट देतो, ती आमची रीत आहे, पाकीट नाकारणं म्हणजे अपमान. स्वतः जाऊन दिलं. तिथल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं. म्हणाल्या, "सो यू डिड पे हिम." त्यांचं काही चुकलं नाही. आवाजही चढला नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण मी तोंड उघडलं की त्याची केस आणखी बिघडत होती.

त्याची विद्यार्थी म्हणून इथे राहायची परवानगी रद्द झाली. मग वकील झाले. दोन झाले. दोघांनी एकच सांगितलं. परत जा, नव्यानं अर्ज कर, मिळेल याची खात्री नाही. माझ्या ओळखी आहेत, तुम्ही जाणता. एकही कामाला आली नाही. मंगळवारी त्याचं विमान आहे. अमरावतीला आईला त्यानं सांगितलंय की सुट्टीवर येतोय.

मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. तो पुस्तकं खोक्यात भरत होता. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला चहा केला. म्हणाला, "काका, मुलांचा क्लास बंद करू नका. मोठ्या मुली लहानांना शिकवू शकतात." मी म्हटलं, "बाळा, तुझ्यासाठी अजून काय करू? कॉन्सुलेटला लिहू? सेनेटरला लिहू?" त्यानं खोक्याला टेप लावली आणि म्हणाला, "काका, प्लीज. आता कुणाला काही लिहू नका."

म्हणून आज मानपत्र नाही. काहींनी मघाशी विचारलं, चिटणीस विसरले का? विसरलो नाही. लिहायला बसलो होतो. फाडून टाकलं.

मालिनीताईंनी मला वेळ दिला, शाळेनं कॅफेटेरिया दिला, मुलांनी खुर्च्या मांडल्या, या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द अधिक-उणा गेला असेल, तर आपण उदार मनानं पोटात घालाल, असा विश्वास आहे. जे लिहिलं, त्याची माफी मात्र या सभेकडे मागून भागणार नाही. ज्याच्याकडे मागायची तो तिथे खाली, अनुष्काच्या शेजारी बसला आहे, आणि मी बोलायला उभा राहिल्यापासून मान खाली घालून तिच्या बुटाची नाडी बांधतो आहे.

निहार, बाळा, मी थांबतो.