सासूबाईंना लागलेली लाथ

लग्नाला दीड महिना झाला होता, तेव्हा मी सासूबाईंना लाथ मारली. आधी ऐका तर. तोवर कमी बोलणारी, गुणी सून म्हणून माझं बरं चाललं होतं.

माझी नणंद श्रुती अकरावी सायन्सला आहे. तिला प्रतिक्षिप्त क्रिया करून बघायची होती. आमच्या मरोळच्या हॉलमध्ये तिने मला खुर्चीत बसवलं आणि पायावर पाय टाकायला लावला. समोर खाली बसून आई मेथी निवडत होत्या.

"वहिनी, पाय सैल सोड."

मी सोडला. तिने गुडघ्याच्या वाटीखाली लाटणं मारलं आणि माझा पाय उडाला तो थेट आईंच्या खांद्यावर.

मी लगेच वाकून त्यांच्या पाया पडले.

"आई, वहिनीचा काही दोष नाही हं," श्रुती म्हणाली. "पायाला ऑर्डर मज्जारज्जूच देतो. मेंदूला नंतर कळतं."

"आणि पाया पडली ते?"

"ते मेंदूने."

"म्हणजे पाया पडली ती विचार करून, आणि लाथ आली ती आतून."

"तसं नाही आई," मी म्हटलं.

आई उठल्या आणि खुर्चीत बसल्या. पायावर पाय टाकून मला म्हणाल्या, "तू बस आता मेथीपाशी."

मी बसले. श्रुतीने तीनदा लाटणं मारलं, पण पाय जागचा हलला नाही.

"आई, तुला रिफ्लेक्सच नाहीये."

"आहे गं," आई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "पाय मी धरून ठेवलाय."