पंप चालू आहे तोवर

—हळू बोला हो, साहेब, हळू. आणि ते दांडकं आडवं धरू नका, उभं धरा — रॉड असेल, नसेल कोण म्हणतंय, माझ्या लेखी दांडकंच — त्याचं टोक त्या वायरीत अडकेल. ती काळी, खिळ्यावरून खाली आलीय ती. तिला हिसका बसला की पंप बंद, पंप बंद पडला की आत पोरगी जागी, आणि पोरगी जागी झाली की तिच्याखाली झोपलेले कप्तान जागे. खाली म्हणजे, आज त्यांच्या छातीवर झोपलीय ती. दात येताहेत, रात्रभर आम्हाला नाचवलंय. कप्तान हे नाव मी नाही ठेवलेलं, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी ठेवलंय. होडी केवढी, तर एक माणूस बसला की डबा मांडीवर घ्यावा लागतो, आणि म्हणे कप्तान!

गळाला लावायला जिवंत कोळंबी? आहे की. ही काय, टाकीभर आहे. दिसत नाही? कशी दिसेल, नुसते बुडबुडे आहेत. पंप थांबवायचा, पाणी निवळू द्यायचं, मग जाळीनं अलगद उचलायची, अशी रीत आहे. बुडबुड्यांत जाळी घातली तर निम्मी चेंगरते, मग तिला कोण जिवंत म्हणेल? तेव्हा कोळंबी आहे, पण देता येत नाही. हसताय काय? दुसऱ्यांची पोरं गाण्यावर झोपतात, आमची ह्या घरघरीवर झोपते. भिंतीच्या पलीकडेच तिची झोळी, जन्मल्यापासून कानाशी हेच. आवाज थांबला की टक्क डोळे उघडते आणि असा सूर लावते की पलीकडच्या बोटीवरची माणसं विचारायला येतात, काय झालं.

त्यांना उठवू? का, आग लागलीय कुठे? — हो, दिवस चांगले आहेत, माहीत आहे मला. थंडी सरली, पाणी कोमट झालं, बारीक बोय मासे कडेला आलेत आणि त्यांच्या मागे ते मोठाले जिताडे खाडीच्या तोंडाशी दबा धरून— नाही नाही, तोंडाशी काही नाहीये. मी आपलं बोलले. आवई आहे सगळी. परवा एकानं आणला होता एवढा, हा माझ्या खांद्याएवढा, पण तो त्यानं बाजारातूनच उचलला असणार. फोटोतले मासे बाजारातलेच असतात, साहेब. माशाला धरून हसणारा माणूस बघा, मासा कसा कंटाळलेला असतो.

आणि वेळ बघा ना कुठली निवडलीत. सकाळी यायचं, पाणी आरशासारखं असतं तेव्हा. पण सकाळी कसे याल, सकाळी तुम्ही टोपी निवडत असाल. छान आहे टोपी. मागे पडदा कशाला? मानेला ऊन लागू नये म्हणून? अगंबाई. — तर आता वारा सुटायची वेळ झालीय. सातवीपर्यंत शिकले मी, फार काही आठवत नाही, पण भूगोलात होतं, दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे. एवढं एक वाक्य माझ्या जन्माला पुरलं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर जायला बघतं, वारा त्याला आत ढकलतो, आणि त्या दोघांच्या भांडणात मधे कोण? आमची नाव. तुम्हाला गंमत वाटेल, मला मात्र इथे बसून त्या झेंड्याकडे बघावं लागतं. झेंडा म्हणजे तो, बर्फवाल्याच्या छपरावर फाटका शर्ट बांधलाय तो. लोक घड्याळ बघतात, मी शर्ट बघते. आत्ता लोंबतोय. अजून लोंबतोय.

काय? तुम्ही पोहता? बक्षिसं आहेत? कप पण! वा वा. कुठे, तलावात ना? निळ्या फरशीच्या. त्या पाण्यात औषध टाकतात म्हणे, इथे कुणी टाकत नाही. नाही, चेष्टा नाही करत, चांगलंच आहे की. गेल्या वसंतातला तो दुसरा साहेबही असाच पोहणारा होता. तोंडाशी जाऊन मासा लागला, तर हा उभा राहिला नावेत! फोटोसाठी. नाव कलंडली. साहेबाच्या अंगात जाकीट, तो बुचासारखा तरंगतोय आणि ओरडतोय, "माझा फोन! माझा फोन!" आणि हे — ह्यांच्या हाताला कोळंबीचा थर्माकोलचा डबा लागला म्हणून. त्याला मिठी मारून आले काठाला. वर सगळ्यांना हसत सांगितलं, मी आपला डबा वाचवत होतो. लोकही हसले. तो डबा अजून ठेवलाय मी, वर, त्या फळीवर. चेपलाय दोन्ही बाजूंनी. माणूस गंमत म्हणून डबा इतका दाबतो का हो? पोहता येत नसेल तर—

—कोण म्हणालं पोहता येत नाही? मी नाही म्हणाले. तुम्ही असे ऐकत काय बसता एकेक शब्द! — बरं, नाही येत. झालं? लग्नानंतर चार महिन्यांनी सांगितलं मला, तेही दिवा मालवून. उभा जन्म पाण्यावर आणि पाण्यात उतरायचं नाव नाही. तुम्ही कुठे बोलू नका हं. कप्तान बुडतो म्हटल्यावर कोण बसेल नावेत? आणि त्यांना कळलं मी सांगितलं, तर बोलणार नाहीत मला. ओरडणार नाहीत, तेच तर, नुसते गप्प होतील. तेव्हा दोन जाकिटं होती, एक त्या दिवशी वाहून गेलं. राहिलं ते हे, खुंटीवरचं. ते गिऱ्हाइकाला. मी म्हणते दुसरं आणा, म्हणतात उद्या. मी म्हणते मग हेच तुम्ही घाला, तर म्हणतात, कप्तानानंच जाकीट चढवलं तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाईल. गिऱ्हाईक परत जाईल! ह्यांच्या परत येण्याचं काय, ते मात्र माझ्यावर सोपवलंय. मी इथे बसून शर्टाकडे बघून आणायचं त्यांना.

नाही, रडत नाहीये. बर्फाच्या पेटीत हात घातला की डोळ्यांतून पाणी येतं माझ्या. ही बघा, बर्फातली कोळंबी. मेलेली आहे, पण स्वभावानं चांगली. ही घ्या आणि त्या जुन्या धक्क्याच्या टोकाला जाऊन बसा, खडकाच्या सावलीत. तिथे तांबोशी लागते. लहान असते, पण तुमचा फोटो जवळून काढला की मोठी दिसेल. नाव नको, वारा नको, कप्तान नको. — पटलं? खरंच? शहाणे आहात हो. टोपीवरून वाटलं नव्हतं. जा मग, ह्या बाजूनं जा, पायरी ओली आहे, आणि ते दांडकं— अहो वळू नका तसे! साहेब, दांडकं! वायर—

…

झालं.

ऐकलंत किती शांत झालं ते? आता बघा. एक, दोन— हं. लावला सूर.

अं? — कोणी नाही हो! — गिऱ्हाईक आहे, पण निघालेत ते. — निघालेत म्हटलं ना! तुम्ही झोपा. — आले. आले बघा, पोरीला खांद्यावर टाकून. आणा तिला इकडे. अगं हो, अगं हो, गेली गं तुझी घरघर, ह्या साहेबांच्या दांडक्यानं गेली. — काय विचारताय त्यांना? तोंडाशी? आत्ता? अहो, शर्ट हलायला लागलाय— बरं. बरं बाबा. मी कोण सांगणारी.

थांबा. ते जाकीट त्यांना देऊ नका. साहेबांना नकोय. उकडतं म्हणे. पोहण्याची बक्षिसं आहेत त्यांना, कप आहेत, जाकीट घालणं म्हणजे कमीपणा वाटतो त्यांना. तेव्हा तुम्हीच अडकवा अंगात. नावेत नुसतं पडून भिजतं आणि वाळवायला मी. — काय? साहेब असं म्हणाले नसतील? मी खोटं बोलते? विचारा की, समोरच उभे आहेत. होय ना हो, साहेब? तुम्हीच म्हणालात ना, जाकीट कप्तानांना द्या?

आता हळू बोलायचं काही कारण नाही. पोरगी उठलीच आहे. मोठ्यानं सांगा त्यांना.

सांगा ना.