आदल्या रात्रीची भाकरी

पन्नास-एक्कावन्न साली थोरल्या भावाची, दादाची, मोठी कुस्ती ठरल्याची बातमी आली, तेव्हा आई रोजच्यासारख्या भाकऱ्या थापत होती. कुस्तीच्या सकाळी तिनं त्याच्यापुढं मटणाच्या रश्श्याचं पातेलंच ठेवलं.

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकत होतो. म्हटलं, "दादा, आत्ताचं जेवण पोटात जड होईल. स्नायू आधीच साठलेली साखर जाळतात."

"म्हंजी रातची भाकरी आज लढतीया?"

"व्हय."

"मग ह्यो रस्सा उद्या लढंल की! आई, झाकून ठेव."

"उपाशी पाठवू व्हय रं?" आईचा जीव खालीवर.

दादा गुळाचा खडा तोंडात टाकून गेला आणि संध्याकाळी जिंकून आला.

आई मला म्हणाली, "बघितलंस? माझी भाकरी जिंकली."

दादा यंदा गेला. त्याची एकही कुस्ती मी मैदानात बसून बघितली नाही; ते राहूनच गेलं.