पुडीचं पाणी

माझं माहेर दिंडोरीकडचं, आई-बाप दुसऱ्याच्या रानात कामाला. वस्तीत सातवीपर्यंत शिकलेली मी एकटीच पोरगी, त्यामुळे बाप मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि सांगून झाल्यावर लगेच लग्न लावून टाकलं. नवरा देवळाली कॅम्पात, लष्कराच्या मेसमध्ये कामाला. माणूस चांगला, बोलायचा कमी, त्यामुळे घरातली भांडणं सगळी मलाच करावी लागायची. पोरं शाळेत जायला लागल्यावर मी काम बघायला लागले आणि आरोग्याच्या कामात रोजावर लागले, ते असं.

त्या वेळी लेकरं जुलाबाने लय जायची, काय सांगू तुम्हाला, आज खेळणारं लेकरू परवा नसायचं. म्हणून सरकारने मोहीम काढली. गावात गाडी यायची, पडदा लावून सिनेमा दाखवायचे, भिंतीवर चित्रं काढायचे, नर्सबाई पुड्या वाटायच्या. मीठ-साखरेची पुडी, एक लिटर पाण्यात सगळी टाकायची आणि लेकराला पाजत राहायचं. पुढच्या पावसाळ्यात, हे सगळं लोकांपर्यंत पोचलं का ते बघायला आम्हा बायकांना घेतलं. आमच्यावर एक डॉक्टरबाई, नाशिकच्याच, वयाने माझ्याहून लहान, पण चालायला लागल्या की आम्ही मागे.

आम्ही घरोघर विचारायचो, लेकराला जुलाब झाले तर काय देता? पुडीचं पाणी. दुसऱ्या घरी, पुडीचं पाणी. एक बाई तर म्हणाली, ताई, आमचं पाठ हाय, गाडीवाल्यासारखं म्हणून दाखवू का? मी हसून म्हटलं, नको, बरोबर आहे. एका म्हातारीने तेवढं वेगळं सांगितलं, की सिनेमातली बाई लय गोरी व्हती बया, तिच्या पोराला कशाला व्हतील जुलाब. पण विचारल्यावर तीही म्हणाली, पुडीचं पाणी. डॉक्टरबाई खूश. मोहीम चांगली झाली, आता अशीच पेठ-सुरगाण्याला न्यायची, असं त्यांचं ठरत आलं होतं.

तशात आमचा नंबर माझ्या माहेरच्या गावाला लागला. भावाची बायको कमल दारातच बसली होती. मी मुद्दाम परक्यासारखं विचारलं, तिने हसत उत्तर दिलं, पुडीचं पाणी, वन्सं. आत झोळीत तिची सुनी, वर्षाची. मी सवयीने हात घातला तर पोरगी ओल्या फडक्यासारखी हाताला आली. डोळे खोल, रडायला तोंड उघडलं तर आवाज नाही, पाणी नाही. डॉक्टरबाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, अंगात पाणीच उरलं नव्हतं.

मी म्हटलं, कमल, हिला जुलाब कधीपासून? कालपासून. मग पुडी? देते की, असं म्हणून तिने फळीवरून झाकलेला पेला काढला, त्यात चमचा. पेला जवळजवळ भरलेला. एक चमचा सकाळी, एक दुपारी, एक झोपताना. औषध हाय ना वन्सं, जास्ती दिलं तर बाधंल. उरलेली पुडी घडी घालून डब्यात जपून ठेवलेली, पुन्हा कुणाला लागली तर. पिण्याचं पाणी तर माझ्या आईने कालच बंद केलेलं. आई म्हणाली, पोट वाहतंय, त्यात अजून पाणी कशाला? गळक्या घागरीत कुनी पाणी भरतं का? मी म्हटलं, भरत नाही म्हणूनच रिकामी झाली ना.

डॉक्टरबाई कुणावर ओरडल्या नाहीत. खाली मांडी घातली, गवळ्याकडून दुधाचं लिटरचं माप मागवलं, नवी पुडी सगळी त्यात टाकली आणि माझ्या मांडीवर सुनीला ठेवून म्हणाल्या, पाजा, थांबू नका. जीप दारात उभी केली, जरा वेळात फरक पडला नाही तर सरकारी दवाखाना. चमच्यावर चमचा. एकदा उलटली. आई म्हणाली, बघ. बाई म्हणाल्या, आजी, जरा दम खाऊ आणि परत सुरू करू. दुपार कलली तेव्हा पोरीने माझं लुगडं ओलं केलं. इतकी लेकरं वाढवली, पण लुगडं ओलं झालं म्हणून सगळं घर हसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

घरी जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्यापासून सगळी गावं पुन्हा. आमच्यातल्या बायका कुरकुरल्या. पण गेलो, आणि आता विचारायचं बंद केलं. म्हणायचं, पाणी करून दाखवा, लेकराला देता तसं द्या. कुणी चमचाभर केलं, कुणी चिमूट कोरडीच जिभेवर ठेवली. ज्या बाईने पाठ म्हणून दाखवू का विचारलं होतं, तिच्या घरी गेलो. मधल्या दिवसांत तिचं धाकटं गेलं होतं. ती म्हणाली, ताई, तुमीच म्हनला व्हता, बरोबर हाय. मी बसले तिच्याजवळ, आणि उठले.

हापिसात वरचे चिडले, आधी चांगलं आलं होतं ते तुम्ही बिघडवलं म्हणाले. पण भिंतीवरचं चित्र बदललं. औषध हा शब्द पुसला, चमचा पुसला, मोठा तांब्या काढला. पेठ-सुरगाण्याला मग हे चित्र गेलं. ते बघून सगळ्यांनीच ऐकलं असं नाही. निम्म्यांनी ऐकलं असेल, तेही हळूहळू.

सुनी आता शाळेत जाते, अभ्यासाला टाळाटाळ करते, कमल तिला बडवते. मला अजून बोलावतात, सध्या कुष्ठरोगाचं काम आहे. बायका म्हणतात, ताई, काय विचारायचं ते विचारा, समदं पाठ हाय. मी म्हणते, विचारायचं काही नाही, तुमचं चालू द्या, मी जरा बसते.