नांदायला आलेला नवरा

अतिजा : काय काढायचं म्हणालास? पुन्हा सांग.

अबुडो : पत्रे. अगं, कायमचे नाही, पाहुण्यांचा हंगाम संपेपर्यंत. वर माडाच्या झावळ्या घालू. सहलवाला म्हणाला, लोक राजधानीतून, मापुतोहून, एवढं उत्तरेला येतात ते काय पत्रे बघायला? पत्रे त्यांच्याकडे ढिगाने आहेत.

अतिजा : आणि तू काय म्हणालास?

अबुडो : म्हटलं, काढतो की! घर आपलंच आहे.

अतिजा : आपलं?

अबुडो : म्हणजे... तुझं. पण त्याला कुठे समजावत बसू? त्यांच्याकडे घर नवऱ्याचं असतं.

अतिजा : लग्न करून तू माझ्या घरी नांदायला आलास. सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे, तुलाच तेवढं आठवत नाही. आणि या घरात शेवटचा शब्द माझ्या मामाचा. त्याला विचारलंस?

अबुडो : मामांना कशाला मध्ये आणतेस? नांदतोच आहे की, त्यांच्यापुढे मान खाली घालून! पण शब्द देऊन बसलोय गं. झावळ्या नसल्या तर तो पाहुणे दुसरीकडे नेईल.

(त्यांच्या घरी उतरलेली पाहुणी इल्दाबाई अंगणात येते. मुसिरोचं लाकूड उगाळून केलेला पांढरा लेप तिच्या कपाळापासून कानांपर्यंत थापलेला.)

इल्दाबाई : अतिजाताई, बघा, मीपण लावला! मापुतोत राहून आपण आपली मुळंच विसरलो हो.

अतिजा : बाई, तो लेप आम्ही उन्हात जाताना लावतो. आता दिवेलागण झाली.

इल्दाबाई : असू दे, फोटो छान येतो. फक्त मागे ते पत्रे दिसतात. अबुडोभाऊ म्हणाले, पुढच्या वेळी झावळ्या असतील. किती छान!

अतिजा : मापुतोत तुमच्या घरावर काय आहे?

इल्दाबाई : आमचा फ्लॅट आहे ना. वर स्लॅब.

अतिजा : झावळ्या का नाही घालत?

इल्दाबाई : अहो, गळेल ना!

अतिजा : ऐकलंस रे?

अबुडो : बाईंचं वेगळं असतं...

अतिजा : काय वेगळं? वादळात झावळ्या उडाल्या तेव्हा धाकटीला पोटाशी धरून मी भिंतीला चिकटून बसले होते. तू होतास समुद्रावर. त्यानंतर ओहोटीला खडकांवर शिंपल्या वेचल्या, वाळवल्या, विकल्या, तेव्हा एकेक पत्रा आला. माझ्या घराचा एक खिळाही निघणार नाही.

इल्दाबाई : अय्या, किती आतून बोलता तुम्ही! पुन्हा म्हणाल? मी व्हिडिओ घेते.

अतिजा : नको. झावळ्यांखालीच झोपायचंय ना तुम्हाला? मग याच्या आईचं घर आहे पलीकडच्या वाडीत. एकदम अस्सल. उंदीरसुद्धा जुने.

अबुडो : अगं, तिथे आढ्यातून चंद्र दिसतो!

इल्दाबाई : चंद्र दिसतो? मी बॅग भरते!

अबुडो : गेली बघ. आता तिला तिकडे नेणार कोण?

अतिजा : तूच. आणि तिथेच राहून म्हातारीचं छप्पर शाकारून दे. किती दिवस नुसतं करतो करतो म्हणतोयस! सहलवाल्याला झावळ्यांचा शब्द दिलायस ना? तो तिथे पाळ.

अबुडो : आई त्या बाईला फोटोबिटो काढू देणार नाही.

अतिजा : ते तुम्ही मायलेक बघा.

अबुडो : अतिजा...

अतिजा : काय?

अबुडो : तुला न विचारता बोललो. चुकलं माझं.

अतिजा : चुकलंच.

अबुडो : माझी चटई... नेऊ का? बगलेत चटई घेऊन निघालो तर गाव म्हणेल, अतिजाने नवऱ्याला हाकलला.

अतिजा : आणि नाही नेलीस तर झोपशील कशावर?

अबुडो : झोपेन जमिनीवर. तू सांग, नेऊ की ठेवू?

अतिजा : ठेव. आत घेते मी.