नावानं मारलेली हाक

नाही हो, मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही! आताच्या मुली बिनधास्त सांगतात, "हो, आम्ही फेमिनिस्ट!" एक्क्याऐंशी सालच्या वाशीत असला शब्द उच्चारायचीसुद्धा चोरी, आणि मला तो चिकटला कशामुळे? पाण्यामुळे!

तुम्हाला सांगते, खाडीपूल ओलांडून आम्ही नव्या फ्लॅटात आलो तेव्हा इनमीन चार बिल्डिंगी, बाकी नुसता चिखल... पण वारा काय सुटायचा! गॅलरीतून थेट खाडी दिसायची. आठवलं की अजून जीव तिकडे ओढ घेतो. फक्त नळाला पाणी नव्हतं. रविवारी टँकर आला की सगळे नवरे खाली बादल्या घेऊन, आणि सगळ्या बायका वरून, "अहो! अहो, पिंपसुद्धा भरा!" बारा बायकांचं एकच 'अहो', आणि बाराही नवरे माना वर करून बघतायत! एकदा तर माझं पिंप शेजारच्या जयमालाबाईंच्या मिस्टरांनी भरलं, आणि आमचे हे बादली घेऊन तिसऱ्या मजल्यावर, भलत्याच दारात! मग काय करणार? पुढच्या रविवारी मी सरळ ओरडले, "सुभाऽऽष!"

अख्खी बिल्डिंग माझ्याकडे बघतेय. टँकरवालासुद्धा वर बघायला लागला. जयमालाबाई जवळ येऊन हळूच, "अरुणाबाई, तुम्ही स्त्रीमुक्तीवाल्या का हो?" अगदी 'घरात कुणाला गोवर आलाय का' विचारावं तसं! म्हटलं, छे हो, सोयीसाठी! मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही!

पण सवय लागली. खोटं कशाला बोलू, गोडही वाटायचं... आणि अशात चिपळूणहून सासूबाई राहायला आल्या! माझी पाचावर धारण. त्यांच्यासमोर तोंडून नाव गेलं तर? पंधरा दिवस जीभ आवरली, आणि सोळाव्या दिवशी, "सुभाष, दूध बघ, उतू जातंय!" झालं! दूध राहिलं बाजूला, सासूबाई एकटक माझ्याकडे. "आई, चुकून हो! मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही!"

"ती कोण गो?"

सांगितलं... बाई पुरुषाच्या बरोबरीची म्हणणारी. मग म्हणाल्या, "ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच. हे गेले, उखाणेही गेले. हाक अशी कधी मारलीच नाही गो." मी उतू गेलेलं दूध पुसायला वळले. तोवर बाई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि खणखणीत आवाजात सासऱ्यांचं नाव, "पंढरीऽऽ!"

आता जवळच्या तळवली गावाहून येणाऱ्या आमच्या दूधवाल्याचं नावही पंढरीच! तो खाली सायकल थांबवून, "काय गो आये?" सासूबाई दचकल्या, डोळे पुसले, आणि फर्मावलं, "चहाला आलं आण!" पाच मिनिटांत आलं घेऊन गडी दारात हजर!

"बघ गो! पस्तीस वर्षांत ह्या नावानं माझं एक काम केलं नव्हतं! लिही माझं नाव त्या तुझ्या स्त्रीमुक्तीत!"

आणि बसल्या की ऐटीत खुर्चीवर! शेजारी सुभाष, दारात पंढरी, आणि तिघंही माझ्याकडे बघतायत... आता चहा कोण टाकणार होतं? घेतलं आलं, बसले किसत.